दहापर्यंत

“उघडू नकोस,” नोएला म्हणाली, आणि शोनाचा हात बरणीच्या झाकणापाशीच थांबला.

बरणी काचेची होती. आतली काकवीची बिस्किटं रोरीला स्वच्छ दिसत होती, पण झाकण नोएलानं मुद्दाम आवळून बसवलं होतं. बावीस महिन्यांचा रोरी बरणी छातीशी धरून आईकडे बघत “अं, अं” करत होता. त्याच्यापाशी शब्द म्हणून काय तो एवढाच. कान तपासून झाले होते, ते ठणठणीत होते.

“बिस्किट हवंय हो त्याला.”

“ते मलाही दिसतंय. त्याला सांगू दे. मनात दहा मोज. बोलायचं नाही, मदत करायची नाही.”

नोएला बेटावर घरोघरी जाऊन लहान मुलांना बोलतं करायची. वीस वर्षांत तिनं पुष्कळ आया पाहिल्या होत्या आणि पहिल्या खेपेला दहापर्यंत पोचलेली त्यांत एकही नव्हती. शोना तर तीनलाच विरघळली. झाकण निघालं, बिस्किट रोरीच्या तोंडात गेलं.

“काय करू?” शोना ओशाळून हसली. “या घरात कुणाला काही मागावंच लागत नाही. बाबांचंच बघा ना. त्यांची नजर कपाकडे गेली की मी चहा ओतते. खिडकीकडे गेली की खिडकी घट्ट लावून पांघरूण गळ्यापर्यंत ओढते. समुद्रावरचं वारं फार बोचतं त्यांना. दहा महिने झाले, एकदाही अडलं नाही आमचं.”

हे सांगताना तिच्या आवाजात अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. तिचे वडील अँगस खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी शेवंडीचे सापळे ओढले, बोटीवर त्यांचा आवाज इंजिनाला भारी पडायचा. मग अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही. आता दिवसभर नातू त्यांच्या पायाशी खेळायचा. एक बोलत नव्हता, दुसऱ्याला अजून येत नव्हतं. दोघांचं उत्तम जमायचं.

तेच हॅलिफॅक्सच्या डॉरीनला, शोनाच्या थोरल्या बहिणीला, खुपत होतं. “दिवसभर मुक्या माणसाजवळ बसून पोर बोलायला शिकणार कसं?” ती फोनवर म्हणाली होती. शार्लटटाउनच्या वृद्धाश्रमात एक खाट रिकामी झाली होती. अर्ज साखरेच्या भांड्याखाली पडून होता आणि सही आजच करायची होती. बाप की लेकरू, असा प्रश्न कुणाच्या वाट्याला येऊ नये. तो शोनाच्या वाट्याला आला होता, आणि डॉरीनचं म्हणणं तिला निम्मं पटलंही होतं.

नोएलानं झाकण पुन्हा आवळलं. “परत. आणि या वेळी हात मांडीखाली ठेव.”

रोरीनं आईकडे पाहिलं. आई मदतीला येत नाही म्हटल्यावर पठ्ठ्या बरणी घेऊन थेट आजोबांकडे गेला आणि ती त्यांच्या मांडीवर आदळली. एका हातानं झाकण फिरेना. शोना अर्धी उठली. नोएलानं तिचा दंड धरला.

चार. पाच. अँगसनी बरणीकडे पाहिलं, मग वर पाहिलं. बंद काचेपलीकडे बोटी बंदरात परतत होत्या. सात. त्यांचा जबडा हलायला लागला, मानेच्या शिरा ताणल्या. शोनाचा जीव तुटत होता. दंडावरची पकड सुटत नव्हती. नऊ.

“उ... उघड.”

शोनाच्या तोंडून हुंदका फुटला. तिनं झेप घेऊन बरणी उघडली आणि बिस्किट वडिलांच्या हातात कोंबलं. त्यांनी मान हलवली. नको. बिस्किट मांडीवर टाकलं, डावा हात कष्टानं उचलला आणि बोट खिडकीकडे केलं.

“उघड!” या वेळी शब्द नीट आला, आणि चांगलाच वैतागून आला.

शोना जागच्या जागी थिजली. दहा महिने ते त्या खिडकीकडे बघत होते, आणि दहा महिने ती धावत जाऊन ती घट्ट लावत होती.

तिनं कडी काढली. वारं आत आलं. त्याच्याबरोबर इंजिनांची धडधड, पक्ष्यांचा कलकलाट, धक्क्यावरच्या माणसांच्या हाका आणि एकमेकांना घातलेल्या शिव्याही आल्या. अँगसनी डोळे मिटले. एकेक बोट आवाजावरून ओळखत असावेत, कारण मधेच ते हसले. शोनाला लाज वाटली आणि आनंदही झाला, दोन्ही एकदमच.

रोरी इतका वेळ आजोबांच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. नोएलानं बरणी गुपचूप पुन्हा आवळून जमिनीवर ठेवली होती. या बाबतीत तिला दयामाया नव्हती. रोरीनं बरणी उचलली, आईच्या पायापाशी आणली आणि ओठांचा चंबू केला.

“उगड.”

शोनानं झाकण काढलं. रोरीला बिस्किट मिळालं, आणि तेवढ्यात फोन वाजला.

“केलीस का सही?” डॉरीनचा आवाज घाईत होता. “आज शेवटचा दिवस आहे, शोना. आणि बाबांचा विचार करत बसू नकोस. त्यांना इथे काय नि तिथे काय.”

शोनानं खिडकीपाशी जाऊन फोन वडिलांच्या कानाजवळ धरला.

“त्यांनाच विचार,” ती म्हणाली. “आणि विचारून झालं की दहा मोज.”