घरबसल्या मालक व्हा

आमचे हे रोज सकाळी हॉलच्या कोपऱ्यात गोल दिवा लावून व्हिडिओ करतात. वर कोट, खाली अर्धी चड्डी आणि तोंडात एकच पालुपद, "नोकरी म्हणजे गुलामी! राजीनामा फेका, घरबसल्या मालक व्हा!" तेवढा वेळ घरात मिक्सर लावायची सोय नाही, खोकला आला तरी गिळायचा. आणि मी, घरातली एकुलती एक गुलाम, चपला हातात घेऊन चोरपावलांनी ऑफिसला पळते.

परवा लेक एका मुलाला घरी घेऊन आली. म्हणाली, "बाबा, आम्हाला लग्न करायचंय." मुलगा नीटनेटका, बोलायला गोड, आणि निघाला ह्यांचाच विद्यार्थी!

"सर, तुमचा कोर्स केला आणि बँकेतली नोकरी सोडली," तो अभिमानाने सांगू लागला. "आता दुकानांना जाहिरातीचे व्हिडिओ करून देतो. छान चाललंय."

मला वाटलं, आता हे त्याला मिठी मारणार आणि लगेच गोल दिवा पेटवून त्याचाही व्हिडिओ करणार. पण ह्यांचा चेहरा साफ उतरला. घसा खाकरत म्हणाले, "ते ठीक आहे रे. पण बँकवाले परत घेतात का, बघ ना विचारून."

मुलगा बिचारा गोंधळला. "पण सर, राजीनामा फेका असं तुम्हीच तर सांगता..."



"अरे बाबा, ते मी लोकांच्या जावयांना सांगतो!"