बिनदाराची केबिन

साहेबांच्या केबिनचं दार गेल्या महिन्यात काढून टाकलं होतं, त्यामुळे टकटक करायची सोयच उरली नव्हती. नणंद सरळ आत शिरली. भावजय चौकटीतच अडखळली, तशी नणंदेने तिला मनगटाला धरून आणलं आणि खुर्चीवर बसवलं.

"या, या!" साहेब म्हणाले. "इथे चिठ्ठी लागत नाही, परवानगी लागत नाही. खुला कारभार!"

त्यांनी मागच्या भिंतीकडे हात केला. तिथे वर्तमानपत्राचं कात्रण काचेत लावलं होतं. हातात स्क्रू-ड्रायव्हर घेतलेले हसरे साहेब आणि शेजारी भिंतीला टेकवलेलं दार. स्क्रू अर्थातच सुताराने काढले होते. कात्रणाच्या बाजूला साहेबांनी रचलेली कविता होती आणि तिच्या प्रत्येक ओळीत काही ना काही उघडत होतं. मनं, खिडक्या, मुठी.

"बोला बाई. अगदी मोकळेपणाने बोला."

भावजयीने मागे पाहिलं. चौकटीपलीकडे अख्खं ऑफिस बसलं होतं. कीबोर्डांची खडखड थांबली होती. सगळ्यात पुढे हेडक्लार्कचं टेबल. तो पेन्सिलीला टोक काढत होता आणि निघालं तरी काढतच होता.

हाच तो. फायलींच्या निमित्ताने भावजयीला रेकॉर्ड रूममध्ये बोलवायचा, पाठीमागे दार लोटून घ्यायचा आणि अंगाला हात लावायचा. येत्या सोमवारपासून तर तिची नेमणूकच तिथे होणार होती, त्याच्या हाताखाली. आज बोलली नाही तर नोकरी सोडायची, नाहीतर निमूट सोसायचं. "झाकली मूठ सव्वा लाखाची," असं घरात सासूबाई म्हणाल्या होत्या, तर नणंदेने आपल्या आईलाही सोडलं नव्हतं.

"साहेब..." भावजयीने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. "माझ्या टेबलावरचा पंखा चालत नाही."

नणंद तिच्याकडे बघतच राहिली.

"एवढंच ना!" साहेब खूश झाले. त्यांनी बसल्या जागेवरून हाक मारली, "अहो हेडक्लार्क, या बाईंच्या पंख्याचं तेवढं बघा."

हेडक्लार्क चौकटीत येऊन उभा राहिला. "बघतो ना साहेब. मी जातीने लक्ष घालतो." आणि त्याने भावजयीकडे पाहून दात काढले.

चोराच्याच हाती किल्ल्या! नणंदेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पंख्याचं राहू द्या साहेब. आम्हाला एकांतात बोलायचंय."

"एकांत?" साहेब ऑफिसला ऐकू जाईल असं हसले. "ताई, ज्याच्या मनात खोट नाही त्याला दार कशाला लागतं? काय ते सगळ्यांसमोर होऊ द्या."

"सगळ्यांसमोर सांगण्यासारखं असतं तर ही इतके दिवस गप्प बसली असती का?"

"साहेब, मी थांबू की जाऊ?" हेडक्लार्कने अदबीने विचारलं.

"थांबा, थांबा. आपण कुणापासून काही लपवत नाही."

भावजय उठलीच. "ताई, घरी चला. माझी शपथ आहे तुम्हाला."

तेवढ्यात साहेबांचा मोबाईल वाजला. त्यांनी नाव पाहिलं आणि लगबगीने उठले. "दोन मिनिटं हं, घरचा फोन आहे," म्हणत ते केबिनमागच्या आराम करायच्या खोलीत गेले. त्या खोलीला दार होतं. चांगलं जाडजूड. कडी लागल्याचा आवाज पार शेवटच्या टेबलापर्यंत गेला.

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून! नणंद त्या बंद दाराकडे पाहत उभी राहिली. तिला साहेबांची चीड आली, त्यांच्या कवितेची आली, आणि मग स्वतःचीही आली. घरून निघाल्यापासून तिने या पोरीला एकच धोशा लावला होता, तोंड उघड, मोकळी हो, घाबरतेस कशाला. कुठे मोकळी होणार ती? या बाजारात?

कडी निघाली. साहेब बाहेर येतात न येतात तोच ती भावजयीला घेऊन त्यांच्या बाजूने आत घुसली आणि तिला तिथल्या सोफ्यावर बसवलं.

"अहो, हे काय चाललंय? ही माझी खाजगी खोली आहे!"

"हिचंही खाजगीच आहे. या, आत बसा आणि ऐका."

"बाई, सगळं ऑफिस बघतंय."

"बघू दे की. तुम्हालाच हवं होतं ना?"

साहेबांनी बाहेर नजर टाकली. सगळ्या माना वर झाल्या होत्या. ते मुकाट्याने आत आले आणि सोफ्यापासून लांबच्या खुर्चीत टेकले.

हेडक्लार्क केबिन ओलांडून धावत आला. "साहेब, मीही येतो. नोंद घ्यायला कुणी नको का?"

"तू बाहेर," नणंद म्हणाली.

ऑफिसात त्याला आजवर कुणी एकेरी हाक मारली नव्हती. तिने त्याच्या तोंडावर दार ढकललं. ते लागेना. फटीत चार बोटं आली होती. निर्लज्ज मेला! तिने सगळा जोर एकवटला. आज ही बोटं चिरडायचीच, मग होऊ दे काय व्हायचं ते.

मग तिला दिसलं की बोटं बाईची आहेत.

तिने दार थोडं मागे घेतलं. कोपऱ्यातल्या टेबलावरची, केस पिकलेली टायपिस्ट उभी होती. तिने हात काढला नाही.

"दार लावा," ती म्हणाली. "पण आधी मला आत घ्या."