दादाचा कोट

“आजोबा, आमच्या वस्तीतल्या लोकांचे कपडे तुम्ही का शिवत नाही?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून त्या शाळकरी मुलीने शिंप्याच्या दुकानात शिरून विचारलंच.

“तुमच्या लोकांनी माझा मुलगा मारला. चालती हो!” म्हातारा शिंपी खेकसला.

“तुमच्या लोकांनी माझा दादा मारला. त्याचा हा कोट माझ्या मापाचा करून द्याल? थंडी फार आहे.”

शिंप्याने तिच्या हातातला कोट ओढून घेतला. मग म्हणाला, “आधी सुई ओवून दे. मला दिसत नाही.”

एका कोटाला त्याने महिना लावला. ती रोज शाळा सुटली की सुया ओवायला जायची. “तुमची अवलादच बेइमान,” असं पुटपुटत तो तिच्यासाठी स्टूल पुसून ठेवायचा.

कोट मिळाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुकानावर बॉम्ब पडला. शिंपी आतच होता.

घरी रडता रडता तिने कोट उलटा केला. शिंप्याने त्याला कात्री लावलीच नव्हती. बाह्या, घेर, लांबी, सगळं आत दुमडून सैल टाके घातले होते, दरवर्षी थोडे थोडे उसवता येतील असे.

तिने डोळे पुसले.

“आई, बाबा, माझं ठरलं,” ती म्हणाली. “मी दादाएवढी होणार.”