हिरवा पत्रा

धर्माजी तांडेल शिडीच्या पहिल्या पायरीवर ठाण मांडून बसला होता. त्याला ओलांडल्याशिवाय कुणालाही छपरावर चढता येत नव्हतं.

समोर सून किंजल, हातात पांढऱ्या रंगाचा डबा. मागे पदर खोचलेल्या आळीतल्या बायका. पांढरा पत्रा कमी तापतो, पंख्याची वीज वाचते, म्हणून दांडी गावातल्या त्या आळीनं मिळून सगळी छपरं रंगवायला घेतली होती. राहिलं होतं एवढंच, हिरवं.

हिरवा रंग होडीचा. दर वर्षी होडी रंगवून उरलेला रंग धर्माजी पत्र्यावर मारायचा. खाडीच्या तोंडाशी खडक. हिरवं छप्पर आणि मागचा देवळाचा कळस एका रेषेत आले की होडी आत घालायची, हे गावातल्या पोराटोरांना पाठ होतं. काय दिवस होते ते. अख्खा गाव त्याच्या छपराकडं बघत घरी यायचा.

"बाबा, आता होडीवर वाट दाखवणारी मशीन हाय," किंजल म्हणाली. "छपराकडं कोण बघतं?"

धर्माजीनं ओटीवर बघितलं. त्याची बायको मंदा घामोळ्यांनी लाल झालेली मान पदरानं टिपत होती. इतक्या उन्हाळ्यांत ती छपराबद्दल अवाक्षर बोलली नव्हती. आजही बोलली नाही. धर्माजी उठला आणि बाजूला झाला.

संध्याकाळी मुलगा भावेश समुद्रावरून आला. टोपली खाली ठेवून तो अंगणातच थांबला, पांढऱ्या छपराकडं बघत.

"खाडीत शिरताना वर बघितलं. आपलं घरच दिसलं नाय."

"मशीन होती ना?" धर्माजीनं विचारलं.

"होती. तरी बघतो मी. रोजच."

धर्माजीला फार बरं वाटलं, आणि तितकंच वाईटही. तो हातपाय धुवायला गेला.

सकाळी बायका रंगाचा दुसरा हात मारायला आल्या, तेव्हा भावेश छपरावर बसला होता. समुद्राकडचा एक पत्रा त्यानं होडीच्या रंगानं पुन्हा हिरवा केला होता.

"घ्या, आमची मेहनत पाण्यात," किंजल करवादली. "आता तेवढा पत्रा तापणार ना."

"तापू दे," खालून शिडी धरलेला धर्माजी म्हणाला. "त्याच्याखाली माझी खाट टाक."