मुरादचा गालिचा

टिळेकरांनी प्रदर्शनातून आणलेला जुना बलुची नमाजाचा गालिचा भिंतीवर टांगला आणि वर भाड्यानं राहणाऱ्या शारी या अफगाण विद्यार्थिनीला बघायला बोलावलं. सोबत मायदेशाहून आलेली तिची आईही होती.

आई दारातच थबकली. मग पुढं होऊन तिनं गालिच्यात विणलेल्या पंज्यावर हात ठेवला आणि काहीतरी पुटपुटली.

"हा तिनंच विणलाय, काका," शारी कशीबशी म्हणाली. "माझा भाऊ मुराद देश सोडून निघाला, तेव्हा त्याला दिला होता. त्यानंतर त्याचा पत्ताच नाही."

"मग विकला असेल त्यानं. असेल कुठंतरी सुखरूप."

शारीनं ते आईला सांगितलं. आईनं उत्तर दिलं, तशी शारी टिळेकरांकडे वळली.

"आई म्हणते, जिवंत असता तर विकला नसता."

टिळेकर स्टुलावर चढले आणि गालिचा उतरवू लागले.