लाल तुरा

डफावर थाप पडली आणि आईसाहेबांनी मांडीवरचं शिरस्त्राण घट्ट धरलं. त्याचा लाल तुरा अर्धा जळाला होता.

"खिंडीत दैत्याच्या जळत्या भाल्यानं थोरले सरदार पडले," शाहीर सांगत होता, "आणि दिवस मावळायच्या आत तोच लाल तुरा मिरवत पुन्हा उठले! मेलेला माणूस चालून येतोय म्हटल्यावर दैत्य पळत सुटले!" सदर टाळ्यांनी दणाणली. "अन् धाकटे? ते तर त्याआधीच पळाले!" लोक खदखदून हसले.

थोरले सरदार मान खाली घालून बसले होते.

या घराण्यात थोरल्याचं जुनं ते धाकट्याला मिळायचं. आधी अंगरखे, मग घोडा, शेवटी लाल तुऱ्याचं जुनं शिरस्त्राण. तेच घालून धाकटा खिंड अडवायला गेला आणि तिथंच पडला. कुमक घेऊन थोरला मागून पोचला, तशाच नव्या लाल तुऱ्यानिशी.

खरं कळलं तर दैत्य डोंगर उतरून परत येतील, म्हणून सगळं झाकलं होतं. आईसाहेबांनी पोटच्या पोराचं सुतकसुद्धा धरलं नव्हतं.

त्यांनी हातातलं कडं काढून शाहिरापुढं ठेवलं.

"एक कडवं पुन्हा म्हणा."

"उठल्याचं ना, आईसाहेब?"

"नाही. पडल्याचं म्हणा," त्या म्हणाल्या. "तिथं रडलं तर कुणी काही विचारत नाही."