बिनदोऱ्याची गाठी

लाकडी साचा उघडला आणि साखरेची पदकं ताटात पडली. सगळी सुटी. एकातही दोरा नाही.

"अगं बाई, काकू, दोरा घालायचाच राहिला की," शेजारची माया म्हणाली.

"राहिला खरा," मंदाकिनी म्हणाली.

साचा भिजवायचा, खाचेतून दोरा ओढून घ्यायचा, मगच पाक ओतायचा, हे मायाला तिनंच शिकवलं होतं. मायाला हसू आवरेना. "आता गुढीला काय गोंदानं चिकटवणार? तरी बरं, पाडव्याला दोन आठवडे आहेत. एवढ्या आधी कशाला करता म्हणून मीच मागे लागले होते."

"डब्यात कोरडी राहते गं. काही होत नाही."

माया गेली आणि घर पुन्हा गप्प झालं. तिचा नवरा विश्राम वारल्यापासून ते असंच होतं. मुलगा सुश्रुत नोकरीसाठी ठाण्याला राहायला गेला. डोंबिवली ते ठाणे अंतर ते काय! पण गेले तीन पाडवे त्याला जमलं नव्हतं. मागच्या वर्षी मंदाकिनीनं सरळ विचारलं होतं, येतोस का रे? तो म्हणाला, बघतो. बघतो म्हणजे नाही, एवढं तिला कळत होतं. त्यानंतर तिनं विचारणं सोडलं. गुढी मात्र उभारली, गाठी बांधली, आणि एकटीनं श्रीखंड खाताना तिला रडू आलं.

लहानपणी दोरा घालायचं काम सुश्रुतचं. दोरा नसलेलं पदक गुढीला चालत नाही, म्हणून ते त्याला खायला मिळायचं. दरवर्षी तो लबाड एखादी खाच मुद्दाम सोडायचा आणि भाबड्या तोंडानं म्हणायचा, "राहिला गं आई." मंदाकिनीला सगळं कळायचं. ती कधी बोलली नाही.

तिनं हात पुसले आणि फोन लावला.

"बोल आई, पटकन. कामात आहे."

"काही विशेष नाही रे. गाठी केली. दोरा घालायचा राहिला."

"कुठल्या पदकाला?"

"सगळ्यांनाच."

पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारत होतं. "दोन मिनिटं," त्यानं तिकडे सांगितलं.

"तू कधी विसरत नाहीस गं," तो हळूच म्हणाला. "बरी आहेस ना?"

"बरी आहे. वय झालं आता."

"मग आता काय करणार त्यांचं?"

"बघते. मायाच्या पोरांना देईन."

"ए, काही नाही हं. बिनदोऱ्याची सगळी माझी, ठरलेलं आहे आपलं." तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला. "रविवारी येतो. डबा उघडू नकोस कुणासमोर. आणि गुढीची गाठी आपण परत करू, दोरा मी घालतो."

"ये," ती एवढंच म्हणाली.

फोन ठेवून तिनं पदकं डब्यात भरली. मग गाऊनच्या खिशात हात घातला, सकाळीच मापानं कापून ठेवलेला दोरा बाहेर काढला, आणि रविवारी त्याला सापडेल असा साच्याशेजारी ठेवला.